असुरक्षित संबंधानंतरचे 72 तास आणि पुढचे तीन महिने

अल्पपरिचित व्यक्तीशी निरोध न वापरता शरीरसंबंध आला, की दुसऱ्या दिवशी सुचते ते रक्त तपासून घेणे. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून दुसऱ्या तालुक्यातील खासगी प्रयोगशाळा शोधली जाते, अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि माणूस निर्धास्त होतो. वास्तविक त्या अहवालातून आदल्या रात्रीविषयी काहीच कळत नाही. तो सांगतो ते काही आठवड्यांपूर्वीच्या आयुष्याविषयी. दुसऱ्या दिवशी खरी निकड असते ती डॉक्टरांचा सल्ला घेण्याची आणि गरज असल्यास औषध सुरू करण्याची.

एचआयव्हीचा विषाणू शरीरात शिरताक्षणी सर्वत्र पसरत नाही. या अवधीत विषाणूरोधक औषध सुरू केल्यास संसर्ग मूळ धरण्यापूर्वीच रोखता येण्याची शक्यता मोठी असते. ही संधी फार तर 72 तासांची. पहिल्या काही तासांत सुरुवात झाली तर उत्तम. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांचे हे उपचार 28 दिवस खंड न पाडता घ्यावे लागतात. आधीच लागण झालेली नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर प्रारंभी एक तपासणी करतात. पहिल्या दिवशीच्या तपासणीचा उपयोग मुख्यतः एवढाच. निरोध फाटला असेल आणि गर्भधारणेची शक्यता असेल, तर तातडीच्या गर्भनिरोधक गोळीलाही असाच वेळेचा बंध आहे; जितका उशीर, तितका परिणाम कमी.

हे औषध प्रत्येकाला लागतेच असे नाही. चुंबनाने, मिठीने किंवा एकाच पेल्यातून पाणी प्यायल्याने एचआयव्ही होत नाही. जोडीदार बाधित असून उपचार घेत नसेल, तर योनिमार्गे संबंधात स्त्रीला लागण होण्याचे प्रमाण दर दहा हजार संबंधांमागे सुमारे 8, तर पुरुषाला सुमारे 4 असे मानले जाते. गुदमार्गे संबंधात स्वीकारणाऱ्या जोडीदाराच्या बाबतीत तो आकडा 138 च्या घरात जातो. जननेंद्रियावर जखम किंवा अन्य गुप्तरोग असल्यास जोखीम वाढते. म्हणूनच घडले ते डॉक्टरांना आडपडदा न ठेवता सांगणे गरजेचे असते. अर्धवट माहितीवर दिलेला सल्लाही अर्धवटच राहतो.

एचआयव्हीचे निदान बहुधा रक्तातील प्रतिपिंडांवरून होते आणि ती तयार होण्यास वेळ लागतो. प्रतिपिंडांसोबत विषाणूचा अंशही शोधणारी प्रयोगशाळेतील चाचणी साधारण 18 ते 45 दिवसांत लागण दाखवू शकते. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या झटपट चाचणीला 90 दिवसांपर्यंत अवधी द्यावा लागतो. परम्याची लक्षणे पुरुषांत बहुधा आठवडाभरात दिसतात. क्लॅमिडिया अनेकदा लक्षणांविना राहतो आणि स्त्रियांत पुढे वंध्यत्वाचे कारण ठरू शकतो. त्यासाठी दोन आठवड्यांनी तपासणी करणे योग्य. उपदंश अधिक फसवा. त्याचा पहिला व्रण साधारण तीन आठवड्यांनी उमटतो, दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. रुग्णाला वाटते आजार गेला. जंतू मात्र शरीरातच असतात. औषधांच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविके घेणाऱ्यांची फसगत होते ती अशीच. लक्षणे दबतात, निदान लांबते. ब प्रकारच्या काविळीवर लस आहे आणि संबंधानंतर लवकर घेतल्यास तीही उपयोगी पडते.

तपासणीविषयीच्या धास्तीला गोव्यात इतिहास आहे. रक्तदानानंतर एचआयव्हीची लागण उघडकीस आलेल्या डॉमनिक डिसोझा यांना 1989 मध्ये पोलिसांनी ताब्यात घेतले आणि क्षयरुग्णांच्या जुन्या आरोग्यधामात 64 दिवस एकांतात डांबून ठेवले. बाधितांना असे अलग ठेवण्याची मुभा तेव्हाच्या गोव्यातील कायद्यात होती आणि उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. डिसोझा यांनी पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारली. 1992 मध्ये त्यांचे निधन झाले. आज चित्र उलट आहे. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्यानुसार संमतीविना तपासणी करता येत नाही, अहवाल गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे आणि नोकरी, शिक्षण, निवास वा उपचारांत भेदभाव करण्यास मनाई आहे. कायदा बदलला तरी लोकांच्या मनातील भीती ओसरलेली नाही, आणि त्या भीतीपायीच मोलाचे 72 तास वाया जातात.

बांबोळीचे गोमेकॉ तसेच म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांत समुपदेशन आणि एचआयव्ही तपासणी मोफत होते. गुप्तरोगांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. तपासणी फुकटात व्हावी म्हणून रक्तदान करणे मात्र सर्वथा टाळावे. लागणीच्या पहिल्या दिवसांत रक्तपेढीच्या चाचणीतूनही विषाणू निसटू शकतो आणि ते रक्त दुसऱ्याच कोणाच्या शरीरात जाते. अखेरचा अहवाल हाती येईपर्यंत पती वा पत्नीशी संबंध ठेवतानाही निरोध वापरावा. घरी त्याचे कारण कसे सांगावे, या प्रश्नावरही समुपदेशक मदत करतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या 1097 या निःशुल्क क्रमांकावर नाव न सांगताही बोलता येते.