परमुलखातले शिपाई (भाग ९) : पेटीतलं पान

जनरल थोरातांची माफी मागून सुरुवात करतो. मागच्या भागात त्यांना कोरियातल्या युद्धकैद्यांच्या छावणीच्या फाटकाशी आणून मी 'क्रमशः' लिहिलं होतं. त्यांना आणखी एक आठवडा तिथंच उभं राहावं लागणार आहे. मध्येच अर्जुनी मोरगावकडून एक फोन आला, आणि फोनमागून एक फोटो.

फोन करणाऱ्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात खेचरवाले होते. घरात त्यांची पत्र्याची पेटी आहे. पेटीत डिस्चार्जचं पुस्तक, एक सहा टोकांचं ताऱ्यासारखं पदक आणि एक पितळी बिल्ला. पुस्तकात जिल्हा भंडारा, प्रांत सी. पी. अँड बेरार. गोंदिया जिल्हा १९९९ चा, तेव्हा पुस्तकात त्याचं नाव शोधू नका, एवढं मी आधी सांगून टाकलं. पदकाची फीत विटलीय, पण पट्टे मोजता येतात: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. हा इटली स्टार. म्हणजे आजोबा बहुधा इटलीत होते.

गाडी अडली ती बिल्ल्यावर. त्यावर एक पान आहे, हाताच्या पंजासारखं, कंगोऱ्यांचं. खाली अक्षरं आहेत, पण इतकी झिजलेली की घरात कुणी ती वाचायच्या फंदात पडलं नाही. आजी म्हणायची एरंडाचं पान. वडील म्हणायचे भेंडीचं. नातवाला लहानपणी वाटायचं हा कुठल्यातरी बीडी कारखान्याचा बिल्ला असावा. आपल्या गावात पान म्हटलं की दुसरं काय सुचणार? पण तेंदूच्या पानाला असे कंगोरे नसतात.

"हे पान कायचं आहे जी?" एवढाच त्याचा प्रश्न.

फोटो मोठा करून पाहिला. पुसट का होईना, पण सहा अक्षरं जुळली. ते मेपलचं पान आहे आणि खाली लिहिलंय 'कॅनडा'. त्या फौजेचे लोक असे बिल्ले कॉलरवर लावत. दोन फौजा शेजारी आल्या की बिल्ल्यांची अदलाबदल ही शिपायांची जुनी हौस. सिगारेट दे, बिल्ला घे. त्यामुळे पान कुणाचं हे चटकन सुटलं. पण कॅनडाचा आणि आपल्या धानपट्ट्यातला शिपाई शेजारी आले कुठं? आजचा भाग या एका प्रश्नापायी खर्ची घालतो.

इटलीच्या लढाईत ही दोन माणसं एकाच आठव्या आर्मीत होती. सप्टेंबर १९४३ मध्ये आपली आठवी डिव्हिजन तारांतो बंदरात उतरली आणि पूर्व किनाऱ्यानं उत्तरेकडे सरकत गेली. नदी ओलांडायची, टेकडी चढायची, समोर पुढची नदी हजर. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण याच डिव्हिजनमध्ये होती. नोव्हेंबरअखेर सांग्रो नदी ओलांडली आणि डिसेंबरात मोरो नदीशी गाठ पडली. तिथं उजव्या हाताला, समुद्राच्या बाजूला, कॅनडाची पहिली डिव्हिजन आली. मधे दऱ्या, द्राक्षमळे, ऑलिव्हची झाडं आणि गुडघाभर चिखल. रोवणीच्या दिवसांत बांधीत उभं राहिलेल्याला चिखल नवा नाही. पण तो कोमट चिखल. हा बर्फाच्या पाण्यातला.

याच मोरोवर आपल्या सॅपर्सनी एक पूल बांधला, तो मला भारी आवडतो. अलीकडच्या काठाला रस्ता इतका अरुंद वळत होता की पुलाचे सांगाडे मांडून पुढे ढकलायला जागाच नव्हती. मग त्यांनी सामान खांद्यावरून नदीपार नेलं आणि शत्रूच्या काठावरून आपल्या काठाकडे, उलटा पूल बांधत आणला. फौजेनं त्याचं नाव ठेवलं 'इम्पॉसिबल ब्रिज'.

उजवीकडे ओर्तोना गावात कॅनडावाले घराघरासाठी लढत होते. रस्त्यावर पाऊल टाकलं की गोळी, म्हणून ते एका घराची भिंत फोडून पलीकडच्या घरात शिरत. २५ डिसेंबरला सीफोर्थ हायलँडर्स पलटणीनं एका चर्चमध्ये नाताळचं जेवण मांडलं. पांढरी चादर घातलेली टेबलं, भाजलेलं डुकराचं मांस, बटाटे, बिअर. एकेक कंपनी आघाडीवरून यायची, जेवायची आणि परत त्याच गल्ल्यांत जायची. एक अधिकारी ऑर्गन वाजवत बसला होता. काहींचं ते शेवटचं जेवण ठरलं.

हे इतकं बारीकसारीक मला कसं ठाऊक? कारण जेवलेल्यांनी ते सांगून ठेवलं आणि ऐकणाऱ्यांनी टिपून ठेवलं. १९९८ मध्ये त्यांतले काही म्हातारे पुन्हा ओर्तोनात जाऊन नाताळ जेवले, आणि त्या वेळी समोर लढलेल्या जर्मन म्हाताऱ्यांना सोबत बसवून जेवले. फार्ली मोवॅट नावाचा तरुण अधिकारी पुढे कॅनडाचा मोठा लेखक झाला. त्यानं या दिवसांवर पुस्तक लिहिलं ते १९७९ मध्ये, छत्तीस वर्षांनी. हौसेनं लढाईला निघालेल्या पोराला भीती हळूहळू कशी पोखरते, हे त्यानं लपवलं नाही. आणि जे लेखक नव्हते त्यांच्यासाठी तिथं 'द मेमरी प्रोजेक्ट' निघाला. माणसं म्हाताऱ्या सैनिकांपुढे जाऊन बसली, त्यांना बोलतं केलं, आवाज साठवला, पेटीतल्या वस्तूंचे फोटो घेतले. बिल्ल्यांचेसुद्धा.

बिल्ल्याची आणखी एक शक्यता सांगतो. ११ मे १९४४ च्या रात्री कासिनोजवळ आपली आठवी डिव्हिजन गारी नदी ओलांडत होती, तेव्हा तिच्या दिमतीला रणगाडे होते ते कॅनडाचेच. काठावर मारा असा की पूल टाकणं मुश्कील. किंग्जमिल नावाच्या कॅप्टननं डोकं लढवलं. आख्खा बेली पूल बुरूज काढलेल्या रणगाड्याच्या पाठीवर ठेवायचा, मागून दुसऱ्या रणगाड्यानं रेटायचा, पुढचा रणगाडा नदीत घालायचा आणि पूल त्याच्यावरून पलीकडच्या काठावर सरकवायचा. १२ तारखेच्या सकाळी तो खरोखर टेकला. पूल जोडायला आपले सॅपर्स आणि वाहून न्यायला कॅनडाचे रणगाडे, याहून जवळचा शेजार कुठला?

तिसरी जागा सेनिओ नदी. नदी लहानशी, पण दोन्ही बाजूंना पुरापासून बचावासाठी मातीचे उंच बांध. नवेगावबांधच्या किंवा बोदलकशाच्या तलावाची पाळ डोळ्यांपुढे आणा. तशा दोन पाळी समोरासमोर, मधे पाणी, आणि पाळीच्या पोटात बिळं करून बसलेला शत्रू. १९४४-४५ चा हिवाळा कॅनडाच्या फौजेनं या पाळीसमोर काढला. वसंत लागायच्या सुमारास ती फौज इटलीतून हलली आणि ९ एप्रिलला सेनिओवर उतरणाऱ्यांत आपली आठवी डिव्हिजन होती. पहिल्या मराठा पलटणीचे नामदेव जाधव, मूळचे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे, कंपनीचे निरोपे होते. त्यांनी एकेक करून दोन जखमींना खोल पाण्यातून, पाळीवरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर आणलं. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबाँबवर भागवलं. मशीनगनचे तीन मोर्चे गप्प केले, पाळीच्या माथ्यावर चढून मराठ्यांची रणघोषणा दिली आणि मागच्यांना हात करून बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हे मी कुठून सांगतोय? सन्मानपत्रातून. जाधव १९८४ पर्यंत हयात होते. सन्मानपत्रात त्यांनी काय केलं ते आहे. पाणी किती गार होतं, पहिला जखमी पाठीवर असताना काही बोलला का, दुसऱ्यासाठी परत फिरताना पाय जड झाले का, हे त्यात नाही. असल्या कागदात ते नसतंच. ते माणसाला विचारावं लागतं.

मुक्कामावर आलो. इटलीत कॅनडाचे सुमारे ९३,००० लोक लढले, आपले सुमारे ५०,०००. मेलेल्यांचा आकडा दोन्हीकडे पाच हजारांच्या वर, आपला ५,७८२. इटलीत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा आपले. ओर्तोनाजवळच्या मोरो दफनभूमीत कॅनडाच्या तेराशेवर पोरांच्या कबरी आहेत, एकेकाचा दगड वेगळा. तिथून थोड्या अंतरावर सांग्रोच्या दफनभूमीत अग्नी दिलेल्या आपल्या पाचशेहून अधिक शिपायांचं एकत्र स्मारक आहे. मरणाच्या हिशोबात म्हटलं तर फारसं उणं-अधिक नाही. उणं पडलं ते जिवंत परत आलेल्यांच्या बाबतीत. त्यांचे ओर्तोनाहून परतलेले बोलले. आपले सेनिओहून परतलेले रोवणीला लागले.

काही जण म्हणतात, आपल्या लोकांना लिहिता येत नव्हतं. हे अर्धंच खरं. सैनिक पत्रं धाडत. स्वतः नाही तर दुसऱ्याकडून लिहवून. पण प्रत्येक पत्र सेन्सॉरच्या हातून जायचं, गावाचं नाव लिहायची सोय नव्हती. मग उरायचं काय, तर मी खुशाल, तुमची खुशाली कळवा, बैल कसे आहेत. आणि घरी आल्यावर ज्या सरकारसाठी लढलो तेच गेलेलं. नव्या देशाला त्या लढाईचं कौतुक नव्हतं, आणि ते साहजिकही होतं. तुरुंगातून सुटून आलेल्यांच्या गावात इटलीचं पदक मिरवणार कोण? पदक पेटीत गेलं. गंमत अशी की, त्याच लढाईत पडलेले मराठा पलटणीचे यशवंत घाडगे यांच्या नावानं २०२३ साली इटलीतल्या मोन्तोने गावानं सूर्यघडी उभारली. तिथल्या माणसांना ते आठवतात.

फोन करणाऱ्या वाचकाला मी हे सगळं सांगितलं. तीन जागा सांगितल्या. खेचरवाल्या कंपन्या जिथं रसद हवी तिथं जात, त्यामुळे तिन्हींपैकी कुठली ते पेटी सांगणार नाही, हेही सांगितलं. मग सहज विचारलं, लढाईबद्दल आजोबा काय सांगायचे?

"काहीच नाही जी. विचारलं की म्हणायचे, नियेंते."

"काय?"

"नियेंते. आमच्या घरी तो शब्दच आहे. डब्यातला तंबाखू संपला की नियेंते. कोठीतले तांदूळ संपले की नियेंते. आम्हाला वाटे गोंडी असेल."

गोंडी नव्हे, इटालियन. अर्थ : काही नाही. युद्धात होरपळलेल्या खेड्यांत हा शब्द शिपायांच्या कानी रोजच पडत असणार. दारात उभं राहून भाकरी मागा, अंडी मागा, एकच उत्तर. आजोबांनी तो उचलला, खेचरांबरोबर डोंगर चढवला, बोटीतून आणला आणि अर्जुनी मोरगावकडच्या एका स्वयंपाकघरात ठेवून दिला. तीन पिढ्या तो वापरतात. इटलीतली आठवण म्हणून त्या घरात पानाशेजारी एवढाच शब्द.

आजोबा गेले, पण आपल्या गावात दुसरे आजोबा आहेत. १९८७ ते १९९० दरम्यान श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेतले तेव्हाचे विशीतले जवान आज साठीत आहेत. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, बँकेत पेन्शनच्या रांगेत, तुमच्याच गल्लीत. महार रेजिमेंटचे होते, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे होते. सीमेपलीकडे लढून आले आणि बहुतेकांना घरच्यांनीही फार विचारलेलं नाही. त्यांच्यापुढे जाऊन बसा. 'किती मारले' हे विचारू नका. त्याला उत्तर नियेंतेच येणार. विचारा, पहिल्या दिवशी जेवायला काय होतं? पायात काय होतं? बोटीतून उतरल्यावर वास कशाचा आला? तिकडचा कुठला शब्द अजून तोंडात आहे? मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि मधे बोलू नका. आणि पेटी उघडायला सांगा.

थोरातांचं म्हणाल तर त्यांनी आठवणी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवल्या, म्हणून ते माझ्यासाठी आठवडाभर थांबू शकतात. पुढच्या भागात फाटक नक्की उघडू.