ऑस्कर नामांकनाचा अंदाज कसा बांधतात?

पोत्यातून मूठभर दाणे काढून सारे पोते पारखणे आमच्या व्यापारी बांधवांना नवे नाही. अमेरिकेतील ऑस्कर पुरस्कारांसाठी कोणत्या चित्रपटांना नामांकन मिळेल, याचा अंदाजही असाच बांधला जातो.

पुष्कळांना वाटते, गल्ला मोठा तर नामांकन नक्की. तसे नाही. येथे मत प्रेक्षकांचे नसते, त्याच धंद्यातील कारागिरांचे असते. संकलक संकलकांना निवडतात, दिग्दर्शक दिग्दर्शकांना. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र सगळे सभासद मत देतात. २०२३ साली जगात सर्वाधिक कमाई 'बार्बी'ने केली. चित्रपटाला नामांकन मिळाले. दिग्दर्शिका ग्रेटा गेरविग यांना दिग्दर्शनाचे मिळाले नाही.

मग नमुना कोठून घ्यावा? तेथील निर्माते, दिग्दर्शक, नट यांच्या आपापल्या संघटना आहेत. त्यांचे काही सभासद ऑस्करचेही मतदार असतात. म्हणून जाणकार आधी या संघटनांच्या याद्या पाहतात. जानेवारी २०२४ मध्ये निर्मात्यांच्या संघटनेने निवडलेले दहाही चित्रपट ऑस्करच्या दहांत आले. २०२५ मध्ये मात्र आठच जुळले. 'निकेल बॉईज' आणि ब्राझीलचा 'आय ॲम स्टिल हिअर' हे दोन यादीबाहेरून आले. संघटना अमेरिकेची, पण ऑस्करचे मतदार आता अनेक देशांत आहेत, हे आम्हांला यामागचे एक कारण दिसते.

तेव्हा गिऱ्हाईक बदलले की जुना नमुना अपुरा पडतो. मूठभर दाण्यांवरून अंदाज सांगता येतो, हमी देता येत नाही. आपल्या दुकानालाही हेच लागू आहे.