नाकाला बांधलेला रुमाल थिनर अडवत नाही

आमचा धंदा कापडाचा. सूत, पन्हा, पोत यांतले आम्हाला कळते. रसायनातले कळत नव्हते. त्यामुळे एक चूक आमच्या हातून झाली. दुपट्ट्यांवर स्क्रीन छपाई करून देणारा आमचा एक कारीगर राहत्या खोलीतच काम करतो. फ्रेम थिनरने धुतल्या की रात्रभर डोके दुखते, जेवण जात नाही, अशी त्याची तक्रार होती. आम्ही दुकानातून मलमलचे चार तुकडे काढून दिले आणि सांगितले, ओले करून नाकाला बांध. बिचाऱ्याने अख्खा मोसम तसे काम केले. डोकेदुखी थांबली नाही.

थांबणार कशी? कापडवाल्याला तरी हे आधी सुचायला हवे होते. कापड म्हणजे ताण्याबाण्याची जाळी. धूळ, रुई, थोडेफार रंगाचे तुषार तीत अडकतात. थिनरची वाफ मात्र हवेतच मिसळलेली असते. जिथून श्वास जातो तिथून तीही जाते. ओले कापडही कुचकामी, कारण थिनरमधले टोल्युइन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. २०२० च्या कोरोनात घरोघरी आलेले एन-९५ मास्कसुद्धा कणांसाठी आहेत, वाफेसाठी नाहीत.

वाफ धरून ठेवतो तो खास प्रक्रिया केलेला कोळसा. रबरी अर्ध्या मास्कला तो भरलेल्या डब्या, म्हणजे कार्ट्रिज, लावतात. घेताना ‘ऑर्गॅनिक व्हेपर’साठीच मागावी. युरोपीय पद्धतीच्या कार्ट्रिजवर तपकिरी पट्टा आणि ‘ए’ अक्षर असते, अमेरिकन पद्धतीच्या कार्ट्रिजवर काळा पट्टा. स्प्रे मारायचा असेल तर त्यावर कणांची गाळणीही हवी. कोळसा हळूहळू भरतो, आणि मास्क खिळ्याला टांगून ठेवला तरी खोलीतली वाफ ओढतच राहतो. म्हणून काम संपताच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि कार्ट्रिजवर सुरू केल्याची तारीख लिहावी. आत वास आला की ती बाद. पण वास येईपर्यंत थांबणेही बरे नाही, कारण नाक वासाला सरावते. दोन डब्यांतून मिसळायच्या पीयू पॉलिशच्या हार्डनरमधली वाफ तर वास येण्याआधीच अपाय करते. ते काम घरात घेऊच नये.

आता एक नाजूक गोष्ट. मास्कचा रबरी काठ कातडीला चिकटला तरच तो काम करतो. कार्ट्रिजवर तळवे दाबून श्वास ओढला की मास्क तोंडाकडे खेचला गेला पाहिजे. दाढीवर तो तसा बसत नाही, केसांतून वाफ आत येते. दाढी काढा असे आम्ही कुणाला सांगणार नाही. बॅटरीच्या पंख्याने गाळलेली हवा देणारे सैल टोप मिळतात, पण ते महाग आहेत. तेव्हा अशा कारीगराने मास्कच्या भरवशावर न राहता खोलीची हवा आधी बदलावी.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते. आणि आपल्या घरांत मुले जमिनीवरच झोपतात! छताचा पंखा ती नुसती ढवळतो. दारात टेबलफॅन ठेवून बाहेरची स्वच्छ हवा आत, कारीगराच्या पाठीमागून, समोरच्या खिडकीकडे जाऊ द्यावी. पंख्याची मोटर वाफेच्या झोतात नसावी, ठिणगीने आग लागते. थिनरच्या डब्याला आणि ओल्या चिंध्यांच्या डब्याला झाकण हवे. पिगमेंट छपाईत केरोसिनऐवजी पाण्यावरची पेस्ट वापरता येते, तिने त्रास बराच कमी होतो.

डोकेदुखीच आहे, जाईल, असे म्हणणाऱ्यांसाठी इस्तंबूलच्या जोडे बनवणाऱ्यांची हकिकत. तिथल्या कोंदट कारखान्यांत बेन्झीन असलेला चिकटा वापरला जाई. डॉ. मुझफ्फर अक्सोय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली जाहीर केले की अशा २८,५०० कारीगरांपैकी २६ जणांना रक्ताचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली. आपल्याकडे सुटे थिनर घेतो तेव्हा त्यात काय आहे हे दुकानदार तरी सांगू शकतो का?

दोष एकट्या कारीगराचा नाही. रमजानच्या तोंडावर माल हवा म्हणून तारखा आम्ही व्यापारीच देतो आणि दुपट्ट्यामागे चार आणे आम्हीच कापतो. आमच्या त्या कारीगराला आम्ही मास्क घेऊन दिला, आणि कार्ट्रिजचा खर्च छपाईच्या दरात वेगळा धरला. मलमलचे तुकडे त्याने फ्रेम पुसायला घेतले आहेत.