घरगुती पाळणाघर : परवाना कोणता, कागद कोणते?

कर्जत आणि खोपोलीहून पहाटेच्या लोकलने कल्याण-ठाण्याकडे कामाला जाणाऱ्या माता आहेत. खालापूर तालुक्यातील कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्याही आहेत. त्यांची मुले दिवसभर सांभाळणे हा आपल्या दुकानदार व कारागीर घरांतील भगिनींसाठी चांगला व्यवसाय आहे. पण पहिला प्रश्न येतो तो हा, की लायसन कुठून काढायचे?

महाराष्ट्रात खाजगी पाळणाघराला परवाना देणारा स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला मारहाण झाली. तेव्हा ही उणीव सर्वांना दिसली. पुढे २०१८ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक तत्त्वे काढली.

म्हणून "पाळणाघराचे लायसन काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. लागतात ते कागद असे :

१) गुमास्ता : २०१७ च्या कायद्याप्रमाणे मोजकेच कामगार असलेल्या व्यवसायाला नोंदणी लागत नाही. काम सुरू झाल्यापासून ६० दिवसांत कामगार विभागाला ऑनलाइन सूचना द्यावी लागते.

२) उद्यम नोंदणी : कर्ज व सरकारी योजनांसाठी उपयोगी. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते.

३) अन्न नोंदणी : जेवण तुम्ही बनवून देणार असाल, तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करा. मुले घरून डबा आणत असतील तर हा प्रश्न येत नाही.

४) जागा : भाड्याचे घर असेल तर मालकाची, इमारतीत असेल तर सोसायटीची लेखी संमती घ्या. घरपट्टीत काही फरक पडतो का, हे नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत आधीच विचारा.

मात्र हे कागद धंद्याचे आहेत. मुलाच्या सुरक्षिततेची हमी त्यांतला एकही देत नाही. ती जबाबदारी आपली. मार्गदर्शक तत्त्वांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि एक मदतनीस सांगितली आहे. तेवढे प्रमाण पाळा. मदतनीस बाईची पोलीस पडताळणी करा. एका वहीत मुलाची येण्या-जाण्याची वेळ, पालकांचे फोन, औषधे आणि मूल कोणाच्या ताब्यात द्यायचे त्याचे नाव रोज लिहा.

कापडात दोष निघाला तर आपण ठाण बदलून देतो. इथे बदलून देण्यासारखे काही नाही, म्हणून ही वही गुमास्त्याइतकीच जपा.