पाण्यातल्या चेहऱ्याचा कवी

दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरात १५९३ साली उभारलेली वनस्पतींची एक बाग आहे. तिथल्या झाडीत एक जुनं थडगं आहे. त्यावरच्या लॅटिन ओळीत ‘नार्सिसा’च्या आत्म्याला शांती मागितली आहे. इंग्रज कवी एडवर्ड यंगच्या मुलीला इथे पुरलं, अशी दंतकथा. इतिहासाला ती मान्य नाही. पण १८९० च्या डिसेंबरात तिथे बसलेल्या दोन तरुणांना त्याची फिकीर नव्हती. एक होता कायद्याचा विद्यार्थी पॉल व्हालेरी, दुसरा पॅरिसहून आलेला आंद्रे जीद. थडग्यावरच्या त्या नावावरून दोघं नार्सिससपाशी पोचले. पुढच्याच वर्षी व्हालेरीची ‘नार्सिस बोलतो’ ही कविता छापून आली, आणि जीदनं ‘नार्सिसवरील प्रबंध’ लिहून तो व्हालेरीलाच अर्पण केला.

मूळ कथा रोमन कवी ओव्हिडनं सांगितली आहे. देखणा नार्सिसस झऱ्यात वाकतो, स्वतःच्याच रूपावर भाळतो आणि झुरून मरतो. त्यामुळे आत्मप्रेमाचा ठपका त्याच्यावर कायमचा बसला. मला तो अन्यायाचा वाटतो, आणि तो दूर करायला व्हालेरीइतकं कुणी झटलं नाही. ओव्हिडचा नायक आधी फसतो, पाण्यात दुसरंच कुणी आहे असं समजतो. व्हालेरीच्या नायकाला ते रूप आपलंच आहे हे ठाऊक असतं, आणि तरीही नजर हलत नाही. ‘नार्सिसचे तुकडे’ (१९२२) या दीर्घ कवितेत संध्याकाळ उतरते, पाणी आरशासारखं स्थिर होतं. ओठ टेकले की तेच पाणी हलतं आणि रूप विस्कटतं. सौंदर्य अंतर राखूनच टिकतं, ही व्हालेरीची धारणा इथे घटना होऊन समोर येते. बारा अक्षरांच्या फ्रेंच वृत्ताची संथ लय ते पाणी निश्चल धरून ठेवते.

ओव्हिडच्या कथेत द्रष्टा टायरेशियस भाकीत करतो, की हा मुलगा स्वतःला ओळखणार नसेल, तरच म्हातारा होईल. व्हालेरी मात्र पन्नास वर्षं रोज पहाटे उठून वह्यांमध्ये स्वतःच्याच मनाचं काम न्याहाळत होता. देखण्या चेहऱ्यापेक्षा, स्वतःला पाहू लागलेलं मन दोन कसं होतं, याचं त्याला जास्त कोडं होतं. म्हणूनच नार्सिसस त्याला सुटला नाही. १९३८ मध्ये, साठी उलटल्यावर, त्यानं तो संगीतकार जर्मेन तायफेरसाठी पुन्हा एकदा लिहिला.