बोधगया ते कुशीनगर : आकाशातले अंतर आणि आपला वेळ

वर्षावास संपला की आपल्या वस्त्यांमधून धम्मयात्रेची बोलणी सुरू होतात. विहारात वंदना आटोपली की वर्गणीचा हिशेब निघतो. अशा वेळी कोणी सांगतो, ''आता विमान आहे, बोधगयेहून कुशीनगर पाऊण तासात!'' वर्षभर भिशीत पैसे टाकणाऱ्या आयाबाया विश्वास ठेवतात. म्हणून हा हिशेब आम्ही इथे मांडत आहोत.

गयेचा विमानतळ बोधगयेजवळच आहे. कुशीनगरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ २० ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. त्या दिवशी श्रीलंकेच्या भिक्खूंना घेऊन कोलंबोहून विमान उतरले. दोन्ही ठिकाणे महानगरांपासून दूर, आडबाजूची.

मुलांना नकाशा घेऊन जवळ बसवा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गया पावणेपंचवीस अंशांवर, कुशीनगर पावणेसत्तावीस अंशांवर. म्हणजे उत्तरेकडे सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आणि पश्चिमेकडे शंभराहून थोडे अधिक. काटकोन त्रिकोण काढून कर्ण मोजा. उत्तर येते सुमारे २५० किलोमीटर. मुंबई ते छत्रपती संभाजीनगर हे हवाई अंतर याहून थोडे जास्तच आहे.

थेट विमान असेल, तर चढणे-उतरणे धरून पाऊण ते एक तास पुरे. पण ''असेल तर'' हेच शब्द महत्त्वाचे. थेट फेरी नसेल, तर गयेहून दिल्ली सुमारे ९०० किलोमीटर आणि दिल्लीहून कुशीनगर सुमारे ७००. अडीचशेचे सोळाशे झाले! त्यात दोन तास आधी पोहोचणे आणि दिल्लीत दुसऱ्या विमानाची वाट पाहणे. पाऊण तासाचा दिवस होतो, कधी मुक्कामही पडतो. रस्त्याने पाटण्यावरून तीनशे किलोमीटरपेक्षा जास्त पडते, पण वाटेत वैशालीलाही जाता येते. रेल्वेने गेलात तर गोरखपूरला उतरून पुढे बस आहेच.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. विमान थेट आहे का? आठवड्यातून कोणत्या दिवशी? ते रद्द झाले तर पैसे आणि मुक्काम यांचे काय? उत्तरे लेखी घ्या. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात दाट धुके पडते. विमाने व गाड्या दोन्ही रखडतात. एक दिवस हाताशी ठेवा. पुढे लुंबिनीला जायचे असेल, तर नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटे असते, हेही ध्यानात असू द्या.

ऐंशीव्या वर्षी तथागत राजगृहाहून निघून पाटलिग्राम, वैशाली करीत पायी कुशीनाऱ्याला पोहोचले. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेनंतर परमपूज्य बाबासाहेब प्रकृती ढासळलेली असतानाही लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगरला जाऊन आले. पुढे काही दिवसांतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आपल्या घरातल्या आजीलाही ती भूमी एकदा डोळ्यांनी पाहायची आहे. तिचा दिवस विमानतळाच्या बाकड्यावर जाऊ नये, तर महापरिनिर्वाण विहारात वंदना करण्यात जावा. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, हीच तर तथागतांची कालामांना शिकवण होती. ती तिकीट काढतानाही उपयोगी पडते.

जय भीम! नमो बुद्धाय!