निमोनिया म्हणजे छातीत उतरलेली सर्दी नव्हे

जबलपूरच्या थंडीत बाळ धापा टाकू लागले की ‘गार हवा लागली’ असे घरोघर म्हणतात. चिंता खरी असते, कारण मात्र वेगळे. जिवाणूजन्य निमोनियात न्यूमोकोकससारखे जिवाणू वायुकोशांत (फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्या) वाढतात आणि तिथे पू व द्रव साचतो. मधाच्या पोळ्याची घरे भरली की त्यांत हवेला जागा उरत नाही, तसेच हे. म्हणून शेक किंवा मालिश तिथवर पोहोचत नाही. उपचार प्रतिजैविकांचा (जिवाणू मारणारी औषधे), गरज पडल्यास ऑक्सिजनचा.

पूर्वेकडील शहडोल भागात अशा बाळांना तापल्या सळईचे चटके देतात. 2023 मध्ये या ‘दागना’ प्रथेच्या बातम्या देशभर पोहोचल्या. चटक्याने संसर्ग तसाच राहतो, जखम मात्र वाढते.

बाळ शांत असताना मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध घेत नसेल, तर तडक रुग्णालय गाठावे. न्यूमोकोकसची लस सरकारी केंद्रांत मोफत मिळते: सहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने.